एकशे चौदा नंबरचा बिल्ला

वेसकाकाबद्दल लिही, असं सगळे माझ्या मागे लागलेत. का, तर टास्मानियातल्या या आमच्या पेनहॅलोच्या खाणीबद्दल त्याच्याइतकं बोलणारं गावात दुसरं कोणी नाही, आणि त्याला माझ्याइतकं जवळून पाहिलेलंही कोणी नाही. बरं, लिहिते. पण गोड गोड लिहिणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. साखर घालायची असेल तर दुसऱ्या कोणाला तरी पकडा.

वेस पेंगेली. वय बहात्तर. सतराव्या वर्षी तांब्याच्या खाणीत उतरला आणि पंच्याण्णव साली खाणीला टाळं लागलं त्या दिवशी खाणीच्या लिफ्टच्या शेवटच्या पिंजऱ्यातून वर आला. मग कधी लाकडं फोड, कधी शाळेची बस चालव, असं करत राहिला. खाणीचं संग्रहालय झालं तेव्हा फुकटचा गाइड म्हणून हा पहिला हजर. टोपी तिरकी, डावा कान सुरुंगांनी गेलेला, उजवा हात कायम कोटाच्या खिशात. पर्यटकांना सांगायचा, "खाली काळोख असा की नवरा-बायकोचं भांडण व्हायचं नाही. तोंडच दिसलं नाही तर माणूस चिडणार कशावर?" बायका हसून बेजार व्हायच्या. एकदा मी विचारलं, "काका, हात गारठतो का रे? सदा खिशात." तर म्हणाला, "सवय गं, डेला. म्हाताऱ्याच्या सवयी मोजू नयेत."

मला गाडी चालवायला यानेच शिकवलं. आईच्या दारात दर एप्रिलला, आमची थंडी सुरू व्हायच्या तोंडावर, हिवाळ्याची लाकडं यानेच आणून टाकली, न सांगता, न मागता, एकही वर्ष न चुकवता. गावाने आमच्याकडे पाठ फिरवली होती त्या दिवसांत आमच्या फाटकातून आत येणारा हा एकटा. म्हणून मी त्याला काका म्हणायचे. नात्याचा नव्हे, पण नात्यातल्यांनी तरी काय दिवे लावले होते!

पाठ का फिरवली, ते सांगायचं तर बिल्ल्यांचं सांगायला हवं. खाणीत प्रत्येकाला नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला असायचा. खाली जाताना फळ्यावरच्या हुकातून आपला बिल्ला काढायचा, खिशात टाकायचा, आणि वर आलं की आपल्या हाताने परत अडकवायचा. पाळी संपली, फळा भरला, की बिल्लेबाबू घंटा द्यायचा आणि मग खाली सुरुंग उडायचे. एक हुक जरी रिकामा असला तरी घंटा नाही. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कोणी हात लावायचा नाही. आमच्याकडे हे पोरांना चालायच्या आधी कळायचं. शाळेत कोणी शेजाऱ्याच्या डब्यात हात घातला की बाई ओरडायच्या, "तुझा बिल्ला आहे का तो?"

माझे बाबा, लायोनेल नॅनकर्विस, बिल्लेबाबू होते. कानावर पेन्सिल, नाकावर चष्मा, आणि घड्याळाच्या बाबतीत अगदी खडूस. पाळी संपल्यावर दहा मिनिटांत बिल्ला हुकावर नसला की पेन्सिल कानावरून खाली यायची आणि वहीत फुली पडायची. तीन फुल्या झाल्या की खालच्या ओल्या पातळीवर बदली. तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून काम. साहजिकच बाबांना गावात कोणी बिअर पाजत नव्हतं.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये एका शुक्रवारी बाबांनी घंटा दिली, सुरुंग उडाले, आणि डर्मट हॅनिगन खालीच होता. बिल्ला नंबर एकशे चौदा. सत्तावीस वर्षांचा, लग्न न झालेला, गावच्या फुटबॉल संघात पुढे खेळणारा. लोक धावत फळ्यापाशी आले तेव्हा एकशे चौदाचा हुक रिकामा होता.

बाबा म्हणाले, "मी पाहिलं तेव्हा बिल्ला होता." चौकशीतही तेच म्हणाले. आईलाही तेच सांगितलं. चौकशीने लिहिलं की बिल्ला मयताबरोबर दगडाखाली गेला असावा आणि बिल्लेबाबूने फळा नीट पाहिला नाही. नजरचूक. गावाला आयतंच कोलीत मिळालं. जो माणूस आमच्या एकेका मिनिटाची फुली मारत होता त्याला अख्खा हुक दिसला नाही म्हणे! बेकरीत आई गेली की रांग गप्प व्हायची. मी अकरा वर्षांची होते. माझ्या बाकावर कोणी बसेना.

बाबा दोन हजार नऊमध्ये गेले, आई त्यानंतर चार वर्षांनी. मी इथेच राहिले, आणि गंमत बघा, पोट भरायला खाणीच्याच संग्रहालयाची व्यवस्थापक झाले. तिकिटं फाडते, छप्पर गळलं की बादल्या ठेवते. या आमच्या पश्चिम टास्मानियात बादल्यांना सुट्टी नसते.

गेल्या वर्षी होबार्टहून ती डिजिटलवाली मंडळी आली. लेझरचं यंत्र तिकाटण्यावर ठेवून त्यांनी खाणीचा बोगदा न् बोगदा मापला. पाण्याखाली गेलेल्या पातळ्या जुन्या नकाशांवरून उभ्या केल्या. त्यांची म्होरकी इमोजेन, सव्वीस वर्षांची, खिशात कायम अर्धी खाल्लेली पॅस्टी, म्हणजे खिमा भरलेली आमच्याकडची करंजी. तिची कल्पना मला पहिल्या दिवशीच आवडली होती, खोटं कशाला बोलू. पर्यटकाने फळ्यावरचा एक बिल्ला उचलायचा, डोळ्यांना आभासी जग दाखवणारा तो जाडा चष्मा लावायचा, आणि त्या नंबरच्या माणसाबरोबर खाली जायचं. त्याच्या हातातला दिवा, त्याचा डबा, त्याचे विनोद. दोनशे बारा बिल्ले, दोनशे बारा माणसं. बंदरावर लागणाऱ्या जहाजांमधून बसगाड्या भरून लोक येणार होते. उद्‌घाटन शनिवारी.

आणि त्या शनिवारच्या आधी दहा दिवस माझ्या हातात एकशे चौदाचा मजकूर आला. वेसकाकाने वाचायचा, कारण डर्मटचा जोडीदार तोच, एकशे तेरा. त्यात वाक्य होतं: "बिल्लेबाबू लायोनेल नॅनकर्विस यांच्या नजरचुकीमुळे डर्मट खाली राहिला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. समितीच्या बैठकीत मी टेबल वाजवलं. "आजवर हे वाक्य कपाटातल्या अहवालात होतं, तेवढं पुरे नव्हतं का? आता जपानचा शाळकरी पोरगा चष्मा लावून माझ्या बापाचं नाव ऐकणार!"

समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, चष्मा पुसत म्हणाले, "डेला, भावना समजतात. पण वारसा जपायचा म्हणजे आवडेल तेवढाच जपायचा असं नसतं. अहवाल जे म्हणतो ते आपण म्हणणार. तुझ्याकडे दुसरा पुरावा असेल तर दे."

पुरावा कुठून देऊ? बाबांचं बोलणं, एवढाच पुरावा. मी पाय आपटत बाहेर आले.

उद्‌घाटन तीन दिवसांवर असताना, बुधवारी दुपारी ध्वनिमुद्रण होतं. इमोजेनला खोलीचा खरा आवाज हवा होता म्हणून ते बिल्ल्यांच्या खोलीतच ठेवलं. बाहेर पाऊस, आत फळा, फळ्यासमोर स्टुलावर वेसकाका, समोर माइक. मी दाराला टेकून उभी. त्याने सुरुवात झकास केली. डर्मट बिल्ल्याने बाटल्या कसा उघडायचा, पिंजऱ्यात बेसूर गाऊन सगळ्यांना कसा पिडायचा. इमोजेन हसू दाबत होती. मग ते वाक्य आलं.

"बिल्लेबाबू लायोनेल..." काका थांबला. पाणी प्यायला. "बिल्लेबाबू लायोनेल नॅनकर्विस यांच्या..." पुन्हा थांबला.

नऊ वेळा. मी मोजलं. नऊही वेळा त्याच जागी आवाज बसला. मला वाटलं, माझ्यासाठी अडतोय बिचारा. म्हटलं, "काका, वाच रे. तू नाही वाचलंस तर ते दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतील. तुझ्या तोंडून निदान प्रेमाने तरी येईल."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"थोडं थांबू या," इमोजेन म्हणाली. "वेस, तोवर तुम्हाला काहीतरी दाखवते. हे बघा, एकशे चौदा." तिने पडदा आमच्याकडे वळवला. बाकीचे सगळे बिल्ले तिने एकेक करून स्कॅन केले होते, ओरखड्यांसकट. एकशे चौदा नव्हताच, म्हणून तिने एकशे तेराची प्रत घेऊन नंबर बदलला होता आणि बिल्ला पार चेपवला होता. कडा दुमडलेल्या, मधोमध खळगा. पडद्यावर तो सावकाश फिरत होता. "दगडाखाली सापडला असता तर साधारण असा दिसला असता. लोकांना पाहताक्षणी कळेल काय झालं ते."

"चेपू नका त्याला," काका म्हणाला.

"म्हणजे?"

"त्याला काही झालेलं नाही. सपाट आहे चांगला. भोकापाशी तेवढी एक खाच आहे, बाटल्यांची. बाकी गुळगुळीत."

इमोजेनने मान डोलावली आणि टिपून घेतलं. "छान, खाच घालते. तुम्ही अपघाताआधी पाहिलेला आहे ना, तुम्हालाच आठवणार."

पण मी दाराशी ताठ झाले होते. अपघाताआधी कसा होता ते त्याला माहीत असणारच, जोडीदार होता. अपघातानंतर त्याला काही झालं नाही, हे कसं माहीत? चाळीस वर्षांत तो बिल्ला कोणी पाहिलेला नव्हता.

"काका," मी म्हटलं, "दगडाखालचा बिल्ला सपाट आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्या दिवशी माणसाच्या तोंडावर पाहिलं. काकाचा चेहरा राखेसारखा झाला. त्याचा उजवा हात खिशात गेला. तो उठला, टोपी उचलली, आणि पावसात चालता झाला. इमोजेन विचारत राहिली, "मी काही चुकीचं बोलले का?"

मी कोटही न घेता त्याच्या मागे गेले. त्याचं घर टेकडीखाली, फुटबॉलच्या खडीच्या मैदानापलीकडे. दार उघडंच होतं. तो चुलीपाशी उभा होता, ओल्या कपड्यांनिशी.

"खिशातला हात बाहेर काढ," मी म्हटलं.

"डेला, बस जरा."

"हात बाहेर काढ, काका!"

त्याने काढला. मूठ उघडली. तळहातावर पितळी बिल्ला होता, वर्षानुवर्षं बोटांनी घासून तुकतुकीत झालेला. भोकापाशी खाच. एक, एक, चार.

मी खुर्ची धरली.

तो बोलायला लागला तो थांबेचना. "डर्मटच्या दोन फुल्या झाल्या होत्या. त्या दिवशी वर यायच्या वेळी त्याला आठवलं की पहारी आणि फावडी सुरुंगांपाशीच राहिलीत. म्हणाला, 'तू हो पुढे, माझा बिल्ला लाव, मी मागच्याच पिंजऱ्याने येतो. त्या खडूसाने तिसरी फुली मारली तर मी पाण्यात जाईन.' आणि दिला माझ्या हातात. मी वर आलो. तुझा बाप खिडकीशी कोणाशी तरी हुज्जत घालत होता. मी माझा लावला, त्याचा लावला. आंघोळीला गेलो. मागच्या पिंजऱ्यातून तो आला असेल असंच मी धरून चाललो. साबण लावत होतो तेव्हा जमीन हादरली."

"आणि मग?"

"आंघोळीच्या जागी डर्मट नव्हता. 'डर्मट वर आला नाही' असं ओरडत मी तसाच ओला धावलो. ते ऐकून तुझा बाप खाणीच्या तोंडाशी पळाला होता, खोलीत कोणी नव्हतं. फळ्यावर त्याचा बिल्ला लटकत होता. मला वाटलं, हा इथे राहिला तर डर्मट वर आलाय असं समजतील, कोणी शोधायलाच जाणार नाही. म्हणून काढला. शपथेवर सांगतो, डेला, काढला तेव्हा मनात एवढंच होतं."

"आणि चौकशीत? तिथेही एवढंच होतं मनात?"

त्याने डाव्या हाताने चुलीत एक लाकूड सारलं.

"बोला की, वेस पेंगेली! उचलली जीभ आणि पर्यटकांना चाळीस विनोद सांगता, तिथे एक वाक्य सुचलं नाही?"

"घाबरलो," तो म्हणाला. "आधी तुरुंगाला घाबरलो. मग डर्मटच्या आईला घाबरलो. ती मला रविवारी जेवायला बोलवायची. आणि मग इतकी वर्षं झाली की वर्षांनाच घाबरलो."

"म्हणून लाकडं टाकत होतात आमच्या दारात? बापाच्या नावाची किंमत एप्रिलच्या एप्रिल, गाडीभर लाकडं?"

त्याने बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता चला, माइकसमोर बोला."

तो खुर्चीत बसला आणि मान हलवायला लागला. "मी गेल्यावर सांग. तुझ्या पाया पडतो. माझी नात शनिवारी तिथे मुलांना पॅस्टी वाटणार आहे. तिच्यासमोर नको. मला किती दिवस राहिलेत? मी गेल्यावर खुशाल सांग, बिल्ला तुझ्या नावाने ठेवून जातो."

बिल्ला त्याच्या उघड्या तळहातावर होता, माझ्यापासून वीतभर. हिसकावून घ्यायला किती वेळ लागला असता? पण माझा हात पुढे होईना. हसाल तुम्ही. एकावन्न वर्षांची बाई, बापाचं नाव समोर पडलेलं, आणि मला आमच्या शाळेतल्या बाई ऐकू येत होत्या, तुझा बिल्ला आहे का तो? मी रिकाम्या हाताने परत आले. वाटेत स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका.

गुरुवारी मी अध्यक्षांकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वेस असं म्हणाला?"

"हो."

"कोणासमोर?"

"माझ्यासमोर."

"बिल्ला कुठे आहे?"

"त्याच्याकडे."

त्यांनी वेसला फोन लावला. वेसने उचलला नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे जे पाहिलं ना, ती नजर मी ओळखत होते. अशाच नजरेने गाव बाबांकडे पाहायचं. "डेला, तू दमली आहेस. लायोनेलची मुलगी म्हणून तुला हे असं वाटणं..." पुढचं मी ऐकलं नाही. बेकरीत गेले, तिथेही सांगितलं. पोस्टात सांगितलं. लोक "हो का?" म्हणाले आणि पावाकडे बघायला लागले. एका म्हातारीने तर माझ्या हातावर थोपटलं. म्हणाली, "वेससारख्या माणसावर असा आळ घेऊ नये गं, तुमच्यासाठी किती केलं त्याने."

शुक्रवारी सकाळी इमोजेन माझ्याकडे आली. डोळे लाल. "काल संध्याकाळी समितीने होबार्टहून एक वाचणारा मागवला, त्याने तासाभरात वाचून दिलं. दुपारी दोनला मला सगळं बंद करून यंत्रावर चढवावं लागेल. त्यानंतर उद्‌घाटनापर्यंत बदल नाही. मला तुमचं पटतं, डेला, पण मी नुसत्या पटण्यावर काय घालू तिथे?"

दोनला किती वेळ होता? साडेअकरा वाजले होते. मी बिल्ल्यांच्या खोलीत जाऊन बसले. दुसरं काय करणार होते? एकशे चौदाच्या रिकाम्या हुकाकडे पाहत बसले, आणि तिथे मला दवाखाना आठवला.

ते आता लिहूनच टाकते. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "डेला, होता गं तो हुकावर." मी म्हटलं, "हो बाबा." मूल म्हणतं ना, माझ्या पलंगाखाली भूत आहे, आणि आपण म्हणतो ना, हो हो, झोप आता. त्या आवाजात म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि हात सोडला. म्हणाले, "जाऊ दे. तू तरी काय करणार." अहो, मी समितीत टेबल वाजवत होते ते बाबांवर विश्वास होता म्हणून नव्हे. लाज वाटत होती म्हणून. मलाही वाटायचं, त्यांनी नीट पाहिलं नसणार. पंचवीस वर्षं एका घरात राहून एक माणूस खरं बोलत होता आणि मी त्याला पाव भरवावा तसं "हो बाबा" भरवत होते.

बारा वाजून गेले. एक वाजला, इमोजेन कोपऱ्यात आपल्या यंत्रांपाशी येऊन बसली. सव्वा वाजता दाराशी बूट वाजले.

वेस होता. दाढी केलेली, टोपी हातात. आत आला, माझ्याकडे न बघता इमोजेनच्या स्कॅनरपाशी गेला आणि त्याच्या तबकडीवर बिल्ला ठेवला. पितळ काचेवर टक्कन वाजलं.

"याचं चित्र काढा," तो म्हणाला. "आणि ते यंत्र चालू करा."

इमोजेनच्या हातातली पॅस्टी खाली पडली. ती न विचारता कामाला लागली.

मी विचारलं, "आता कसे आलात?" आवाज कडवट होता, गोड करायला मी गेलेही नाही.

तो म्हणाला, "काल पोस्टात मी बाहेर उभा होतो, दाराच्या आड. तू सांगत होतीस आणि कोणी ऐकत नव्हतं. लायोनेलही असाच सांगत फिरायचा. तेव्हाही मी दाराच्या आडच होतो." मग स्टुलावर बसला. "नातीला सकाळी सांगितलं. रडली. म्हणाली, जा."

त्याच्यासमोर कागद नव्हता. तो बोलायला लागला आणि दोन वाक्यांत अडकला, पहारी, फावडी, पिंजरा, असं काहीतरी बडबडायला लागला. पावणेदोन झाले होते. इमोजेन घड्याळाकडे बघून मला खुणावत होती. माझा संयम सुटला. मी पुढे गेले, माइकपाशी, आणि विचारलं, "घंटा झाली तेव्हा एकशे चौदाचा बिल्ला हुकावर होता का?"

"होता," वेस म्हणाला.

"कोणी लावला?"

"मी. वेस पेंगेलीने."

"लायोनेल नॅनकर्विसने फळा नीट पाहिला होता का?"

"पाहिला होता. भरलेला फळाच पाहिला त्याने. मी भरला होता तो."

इमोजेनने तेवढंच घेतलं, माझ्या आवाजासकट. दोनला पाच कमी असताना ते यंत्रावर चढलं. अध्यक्ष धावत आले तेव्हा त्यांना फक्त काचेवरचा बिल्ला दाखवला. ते खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि या खेपेला पुसला नाही.

शनिवारी गाव लोटलं होतं. लोकांनी एकेक करून चष्मा लावला, आणि बरेचसे एकशे चौदाच मागत होते. बातमी आमच्याकडे पायांनी नव्हे, पंखांनी जाते. परवाची ती थोपटणारी म्हातारी चष्मा काढून माझ्यासमोर उभी राहिली. मी तिला रांगेतून पुढे सरकायला सांगितलं. मला तिच्याकडून काही नको होतं, जे हवं होतं ते देणारा पंधरा वर्षांपूर्वीच गेला.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर वेस फळ्यापाशी उभा होता. बिल्ला हातात. म्हणाला, "लावू का हुकाला?"

"नाही," मी म्हटलं. "ज्याचा त्याने लावायचा."

तो आता काचेच्या पेटीत आहे. हुक रिकामाच ठेवलाय.

वेस अजून येतो. पर्यटक घटले नाहीत, उलट वाढले, पण तो विनोद सांगत नाही, आणि हात खिशात घालत नाही. पोलिसांनी बोलावून जबाब घेतला, पुढे काय होईल ते त्यांचं त्यांना ठाऊक. या एप्रिललाही दारात लाकडं येऊन पडली. मी घेतली. थंडीला काय माझ्या रागाचं पडलंय? पण चहाला आत बोलावलं नाही. पुढच्या वर्षी बोलावीन की नाही, मला नका विचारू.

पाच वाजता संग्रहालय बंद करते तेव्हा सगळी यंत्रं विझवायच्या आधी मी एकदा चष्मा लावते आणि एकशे चौदा चालू करते. माझाच आवाज विचारतो, बिल्ला हुकावर होता का? तो म्हणतो, होता.

"हो बाबा," मी म्हणते. मोठ्याने म्हणते, रिकाम्या खोलीत. आता ऐकायला कोण आहे, कपाळ माझं.